व्हीआर चष्मा कुणाच्या डोळ्यांवर?

पत्र थोडक्यात (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत): पत्र लिहिणारी एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) झालेली आहे आणि एका स्वयंसेवी संस्थेत काम करते. ही संस्था गोव्याच्या खाणपट्ट्यातल्या गावांत, घरात दारूचं व्यसन असलेल्या कुटुंबांबरोबर असते. एका कंपनीच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारीच्या) निधीतून संस्थेला व्हीआर (आभासी वास्तव) हेडसेट आणि 360 अंशांत टिपणारा कॅमेरा मिळालाय. संचालकांचा बेत असा: संस्थेच्याच एका क्लायंटच्या घरात चित्रीकरण करायचं, बाप पिऊन येतो ती संध्याकाळ लहान मुलाच्या नजरेतून दाखवायची, आणि पंच, शिक्षक, अंगणवाडी सेविका, देणगीदार अशा सगळ्यांना ती बघायला लावायची. त्या घरातल्या बाईंनी होकार दिला आहे. पुढे हेच हेडसेट व्यसनमुक्ती गटातल्या पुरुषांनाही लावायचे आहेत. ‘तुला पीएचडीचा विषयही यातच मिळेल’ असं तिला सांगितलं जातं. तिला हे पटत नाही, पण का पटत नाही ते नेमकं मांडता येत नाही. सहकारी तिला जुन्या वळणाची म्हणतात. ‘ताई, विरोध करू की काळाबरोबर जाऊ?’ असं तिनं विचारलंय.

ताई म्हटलंस म्हणून सरळ एकेरीवर येते.

‘विरोध करू की काळाबरोबर जाऊ’ हा प्रश्न मला तुझा वाटत नाही. तो तुझ्या सहकाऱ्यांनी तुझ्या तोंडी घातलेला आहे, आणि त्याचं कुठलंही उत्तर दिलंस तरी तू हरशील. तुझं पत्र मी पुन्हा वाचलं तेव्हा दिसलं की तुला यंत्राची भीती वाटत नाहीये. तुला त्या घराची काळजी वाटते. ‘बाईंनी लगेच हो म्हटलं, मला तेच खटकलं’ हे तुझं वाक्य आहे. तिथूनच सुरुवात करू.

ती बाई तुमच्या संस्थेकडून काय काय घेते याची एकदा मनाशी यादी कर. मुलांच्या वह्या, पोलीस ठाण्यात जाताना सोबत, नवऱ्याला बांबोळीच्या मनोविकार संस्थेत न्यायची व्यवस्था, अडीअडचणीला रेशन. एवढं ज्यांच्याकडून मिळतं ती माणसं दारात येऊन ‘आम्ही इथं शूटिंग करू का’ विचारतात, तेव्हा ‘नको’ म्हणायची तिची खरोखर किती ताकद असेल? तिनं हो म्हटलं हे खरंच आहे. पण तो होकार कॅमेऱ्याला होता की तुमच्या उपकाराला, हे तुला कळलेलं नाही, आणि बहुधा तिलाही नाही.

शिवाय ती कशाला हो म्हणतेय हे तिला दिसलंय का? हेडसेट तिनं कधी डोक्याला लावलाय? तिच्या डोळ्यांपुढे मोबाईलवरचा व्हिडिओ आहे. साध्या कॅमेऱ्यात आपण चौकट निवडतो. चेहरा टाळता येतो, भिंतीचा एखादा कोपराच घेता येतो. 360 अंशांच्या कॅमेऱ्याला चौकटच नसते. छपरापासून जमिनीपर्यंत जे जे असेल ते सगळं येतं. तुळशी वृंदावनाचा रंग येतो, भिंतीवरचं सहकारी सोसायटीचं कॅलेंडर गावाच्या नावासकट येतं, खिडकीतून शेजाऱ्याचं माड लावलेलं कुळागर येतं. देवळातली घंटा आणि शेवटच्या बसचा हॉर्नही ऐकू येतो. चेहरे धूसर करून भागत नाही. 2011 च्या जनगणनेत अख्ख्या गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास होती. मुंबईच्या एखाद-दोन वॉर्डांत मावेल एवढी. इथं माणूस बोलण्याच्या हेलावरून पेडण्याचा की काणकोणचा ते ओळखतात आणि तिसऱ्या वाक्याला कुणाचा कोण ते शोधून काढतात. वाळपईला दाखवलेल्या फिल्ममधलं घर ओळखणारं कुणीतरी त्याच खोलीत बसलेलं असणार, हे धरूनच चाल.

आणि मुलगा? ज्याच्या ‘नजरेतून’ ही फिल्म आहे, त्याला कुणी विचारलंच नाही. तो उद्या अठरा वर्षांचा होईल, आयटीआयला जाईल, बोटीवर नोकरी शोधील. आपल्या बापाचं ओरडणं पंचायत सभागृहात लोकांनी चष्मे लावून बघितलं, हे त्याला तेव्हा कळेल. तुमच्या संचालक सरांना नैतिक मुद्दा पटला नाही तर कायद्याचा सांग. बाल न्याय कायदा 2015 च्या कलम 74 नुसार, काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या किंवा गुन्ह्याला बळी पडलेल्या मुलाची ओळख उघड होईल असं काहीही दृक्‌श्राव्य माध्यमातूनसुद्धा प्रसिद्ध करता येत नाही. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. या मुलाची केस बालकल्याण समितीपुढे गेली असेल किंवा उद्या जाणार असेल, तर तुमची सगळी फिल्मच त्या कलमाच्या तोंडाशी उभी राहते. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही अठरा वर्षांखालच्या मुलाच्या माहितीसाठी पालकाची पडताळून बघता येईल अशी संमती लागते, अशी तरतूद आहे. सरांना कायद्याची भाषा लवकर समजेल असा माझा अंदाज.

म्हणजे फिल्म करायचीच नाही का? करा की. पण खऱ्या घरात नको, खऱ्या कुटुंबाची नको. पाच-सात केसमधले प्रसंग एकत्र करून एक काल्पनिक घर लिहा. फोंडा, डिचोली भागात जत्रेच्या नाटकांत काम करणारी नट मंडळी काही कमी नाहीत. त्यांना मानधन द्या. एखादं रिकामं घर भाड्यानं घ्या. कॅमेरा लहान मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून साधारण एक मीटरवर ठेवा आणि तो हलवू नका. कॅमेरा हलला की बघणाऱ्याचं पोट ढवळतं. नटांना मारहाण करायला लावू नका. मुलाच्या कानावर आधी पडतो तो गेट उघडण्याचा आवाज. त्यानंतरचं घरातलं गप्प होणं एवढंच चित्रित केलंत तरी पुरे. लिहिताना त्या बाईंचा सल्ला घ्या आणि त्याचे त्यांना पैसे द्या. त्यांच्याकडून घ्यायचंच असेल तर त्यांचं शहाणपण घ्या, त्यांची खोली नको.

आता दुसरं गृहीतक: लोकांनी पाहिलं, गहिवरले, की बदलतील. 2015 मध्ये व्हीआरला ‘सहानुभूतीचं यंत्र’ म्हणायची लाट आली. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या पाठबळावर जॉर्डनमधल्या झातारी निर्वासित छावणीतल्या एका बारा वर्षांच्या मुलीवरची व्हीआर फिल्म खूप गाजली. तेव्हापासून निधी देणाऱ्यांच्या बैठकांत हा शब्द फिरतोय. अभ्यासांमधून मात्र इतकं सरळ चित्र दिसत नाही. 2021 मध्ये अशा अनेक प्रयोगांचं एकत्र विश्लेषण प्रसिद्ध झालं. त्यातून दिसलं की व्हीआरमुळे लोकांच्या भावना हलतात, पण समोरच्याला काय वाटत असेल, तो असं का वागत असेल हे डोक्यानं समजून घेण्याची क्षमता काही वाढत नाही. आता सांग, पंचाला डोळे पुसायला लावून तुला काय मिळणार? त्यानं त्या बाईच्या घराचा वाद मिटवताना नवऱ्याचीच बाजू का घेतली, हे त्याला स्वतःला कळायला हवंय. ते काम दुसऱ्या क्षमतेचं आहे.

अपंगत्वाचा ‘अनुभव’ देणाऱ्या खेळांवरही अभ्यास झालेत: डोळ्यांवर पट्टी बांधणं, चाकाच्या खुर्चीत बसवणं. 2017 च्या एका अभ्यासात दिसलं की भाग घेणाऱ्यांना त्या माणसांबद्दल आपुलकी वाटली, पण स्वतः अधिक असहाय वाटलं. अर्ध्या तासात माणसाला अंधपणाचा पहिला धक्काच कळतो. आंधळ्या माणसानं वर्षानुवर्षं शिकलेलं जगणं कळत नाही. दारुड्याच्या मुलाचंही तसंच आहे. तो रोज संध्याकाळी नुसता घाबरत नाही. तो हिशेब करतो, बहिणीला शेजारी पाठवतो, पैसे लपवतो. दहा मिनिटांच्या फिल्ममध्ये त्याची फक्त भीती दिसेल आणि बघणारा ‘बिचारा’ म्हणून चष्मा काढील.

बाजू एकतर्फी नाही, तेही सांगते. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी 2018 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. घर गमावून रस्त्यावर येण्याचा अनुभव काहींना व्हीआरमध्ये दिला, काहींना तोच मजकूर वाचायला दिला. सहानुभूती दोन्ही गटांना वाटली. पण बेघरांसाठी घरं मागणाऱ्या अर्जावर व्हीआर गटातल्या जास्त जणांनी सही केली, आणि त्यांचा अनुकूल कल आठवडे उलटल्यावरही अधिक टिकला. तेव्हा ‘काही उपयोग नाही’ असं सरांना सांगू नकोस, ते खोटं ठरेल.

मला यंत्राचा खरा उपयोग दिसतो तो कार्यकर्त्यांच्या, म्हणजे तुमच्या सरावासाठी. त्यावर जरा सविस्तर लिहिते, कारण हे पत्र बीएसडब्ल्यू-एमएसडब्ल्यूची मुलंही वाचतील.

फील्डवर्कला नवी मुलगी येते, पहिल्या होम व्हिजिटला कुणाच्यातरी मागे मागे जाते आणि अहवालात लिहिते, ‘घर अस्वच्छ, मुलांकडे दुर्लक्ष.’ एका बनवलेल्या घराचं 360 अंशांचं चित्रण करा. त्यात चूल थंड ठेवा. कोपऱ्यात औषधाची बाटली, खुंटीला अडकवलेलं दप्तर, नीट घडी घातलेला शाळेचा गणवेश आणि पसरलेली भांडी ठेवा. विद्यार्थिनीला आत सोडा. बाहेर आल्यावर आधी फक्त ‘काय दिसलं’ ते लिहायला सांगा, मग वेगळ्या कागदावर ‘त्यावरून काय मानलं’ ते. घडी घातलेला गणवेश कितीजणींना दिसला नाही, यावरच तासभर चर्चा होईल. गरिबी आणि दुर्लक्ष यांतला फरक पुस्तकातून शिकवणं कठीण जातं. इथं चूक झाली तर कुठल्या घराचं नुकसान होत नाही. ब्रिटनमध्ये मुलं सांभाळायला किंवा दत्तक घेणाऱ्या कुटुंबांच्या आणि समाजकार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणात व्हीआर वापरलं गेलंय.

दुसरा उपयोग न्यायालयासाठी. साक्षीला जायचं असलेल्या मुलाला सगळ्यात भीती असते ती न पाहिलेल्या खोलीची. आपल्याकडे गोवा बाल कायदा 2003 खाली बालन्यायालय आहे. न्यायालयाची लेखी परवानगी घेऊन, सुट्टीच्या दिवशी, रिकाम्या खोलीचं चित्रण करा: न्यायाधीश कुठं बसतात, मी कुठं बसेन, दार कुठं. साक्ष देताना आरोपी मुलाच्या नजरेस पडू नये अशी काळजी पोक्सो (मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या) कायद्यात घ्यायला सांगितलेलीच आहे. ती पडद्याची सोयही मुलाला आधीच दाखवता येईल. लहान मुलांना हेडसेट लावूच नका. कंपन्या स्वतःच वयाची अट घालतात. तेच चित्रण टॅबवर बोटानं फिरवून बघता येतं.

टॅबवरून आठवलं. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या समाजकार्य विभागातल्या संशोधकांनी मानसिक आजार आणि ऑटिझम असलेल्या तरुणांसाठी नोकरीच्या मुलाखतीचा आभासी सराव अभ्यासला आणि त्याचा चांगला गुण आला. तो साध्या संगणकावर चालतो, हेडसेटशिवाय. बालगृहातून अठरा पूर्ण झाल्यावर बाहेर पडणाऱ्या आणि हॉटेलात काम शोधणाऱ्या मुलांसाठी असलं काही मराठी-कोंकणीत कुणी करील तर मी पहिली टाळी वाजवीन. हेडसेट आलेत म्हणून प्रत्येक गोष्ट हेडसेटमध्येच घालायला नको.

आता पुरुषांचा गट. इथं मात्र थांब, आणि सरांनाही थांबव.

अमेरिकेत ह्यूस्टनमध्ये समाजकार्याच्याच एका संशोधकानं आभासी बार उभारून त्यात दारूची तलफ कशी उठते ते अभ्यासलं. तलफ खरोखर उठते, म्हणून तर ते अभ्यासाचं साधन झालं. उठलेली तलफ शांत होईपर्यंत तिथं प्रशिक्षित माणूस थांबलेला असतो. तुमच्याकडे सत्र संपल्यावर तो माणूस बस स्टँडकडे चालत जाणार, आणि वाटेत किती बार आहेत ते मी तुला सांगायला नको. बांबोळीच्या मनोविकार संस्थेतले डॉक्टर बरोबर असल्याशिवाय याला हात लावू नका.

‘पुरुषाला बाईच्या जागी उभं करायचं’ असा प्रयोगही सरांनी कुठंतरी वाचलेला दिसतो. तो 2018 चा, स्पेनमधला. बायकोला मारल्याबद्दल दोषी ठरलेल्या पुरुषांना आभासी जगात बाईचं शरीर मिळालं आणि एक पुरुष त्यांच्यावर ओरडत अंगावर आला. त्यानंतर बाईच्या चेहऱ्यावरची भीती त्यांना आधीपेक्षा बरी ओळखता येऊ लागली. महत्त्वाचं आहे हे. पण त्यांनी घरी जाऊन हात उचलला की नाही, हे त्यात मोजलेलं नाही. आणि पुरुषानं बाईचं सोंग घेणं आपल्याला नवं नाही. पेडण्याकडे दशावतारात रात्र रात्र पुरुष साडी नेसून नायिका उभी करतात आणि पहाटेपर्यंत गाव रडतं. त्यानं गावातली मारहाण थांबल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

घरच्याच अभ्यासाकडे सरांचं लक्ष वेध. गोव्यातल्या ‘संगत’ संस्थेनं प्राथमिक आरोग्य केंद्रांत घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांसाठी थोड्या भेटींचं समुपदेशन केलं, तेही डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या साध्या समुपदेशकांकडून. त्याचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. तीन महिन्यांनी दारूपासून पूर्ण दूर असलेल्यांचं प्रमाण समुपदेशन मिळालेल्या गटात स्पष्टपणे जास्त होतं. साहित्य काय? दोन खुर्च्या आणि ऐकणारा माणूस. सीएसआरच्या अहवालात याचा फोटो चांगला येत नाही, हे मान्य.

पीएचडीबद्दल. विषय वाईट नाही, पण ‘व्हीआरमुळे संवेदनशीलता वाढते का’ असा घेऊ नकोस. चष्मा काढल्या काढल्या प्रश्नावली दिलीस तर सगळे ‘हो’ लिहितील. नव्या वस्तूचं कौतुक असतं आणि समोर तू उभी असतेस. नव्या कार्यकर्त्यांचे दोन गट घे: एक व्हीआरमधलं घर बघणारा, दुसरा तेच घर साध्या पडद्यावर बघणारा. मग दोन-तीन महिन्यांनी त्यांचे खऱ्या होम व्हिजिटचे अहवाल, नावं काढून, अनुभवी पर्यवेक्षकाकडून तपासून घे. कुठला अहवाल कुठल्या गटाचा, हे त्याला माहीत नसावं. फरक दिसला नाही तरी तो निष्कर्षच आहे. तू ज्या संस्थेची पगारी माणूस आहेस तिच्याच क्लायंटना संशोधनात घेऊ नकोस, आणि विद्यापीठाच्या नैतिक समितीची मंजुरी आधी घे, नंतर नको. एक गोष्ट विसरली जाते: हेडसेट डोक्याची आणि हातांची हालचाल नोंदवत असतो. 2020 च्या एका अभ्यासात पाच मिनिटांहून कमी नोंदींवरून पाचशेच्या वर लोकांतला नेमका माणूस 95 टक्के वेळा ओळखता आला. म्हणजे नाव काढलं की माहिती निनावी झाली, असं नसतं. हेडसेटचं खातं संस्थेच्या नावानं उघड, सहभागींच्या नव्हे.

दाखवताना कुणाला दाखवतोय याचंही भान ठेव. अंगणवाडी सेविकांच्या प्रत्येक बैठकीत अशी एखादी बाई असतेच, जिच्या घरी हे सगळं रोज चालतं. पडद्यावर बघताना ती खिडकीबाहेर बघू शकते, शेजारणीचा हात धरू शकते. चष्म्याच्या आत ती एकटी असते. आणि सगळं खोटं आहे हे डोक्याला ठाऊक असूनही छाती धडधडते, असं व्हीआरवरच्या प्रयोगांत बऱ्याच वर्षांपूर्वीच दिसलंय. म्हणून आधी विषय सांग. ‘मला नको’ म्हणायला कारण लागणार नाही असं ठरव, आणि जी नको म्हणेल तिला बाजूला बसून तोच विषय बोलण्यातून कळेल अशी सोय कर. हात वर केला की लगेच चष्मा काढायचा. फिट येणाऱ्यांना द्यायचा नाही. बसूनच, दहा मिनिटांच्या आत. नंतर किमान तेवढाच वेळ बोलायला.

बाकी व्यवहाराचं: पावसाळ्यात भिंगांवर बुरशी धरते, तेव्हा झाकणबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून हेडसेट ठेवा. चेहऱ्याला लागणारं फोम घामानं घाण होतं, पुसता येणारं कव्हर घ्या. सत्तरी तालुक्यात नेटवर्कच्या भरवशावर राहू नका, फिल्म आधीच उतरवून न्या.

सरांशी बोलताना ‘हे चुकीचं आहे’ नं सुरुवात करू नकोस. त्यांना निधीचा अहवाल द्यायचाय, ती त्यांची खरी अडचण आहे. हातात पर्याय घेऊन जा: बनवलेल्या घराची संहिता, नटांच्या मानधनाचा अंदाज, ‘इतक्या कार्यकर्त्यांचा होम व्हिजिटचा सराव’ असा अहवालात शोभणारा रकाना. कंपनीला हेडसेट वापरात दिसले की पुरे असतं. कुणाचं घर दिसावं असा तिचा हट्ट असण्याचं कारण नाही.

पण त्याच्याही आधी त्या बाईंकडे जा. तू एकटी नको, संस्थेत नसलेली आणि त्यांना विश्वासाची वाटणारी एखादी बाई बरोबर असू दे. हेडसेट ने. भलत्याच कुठल्यातरी घराचं चित्रण त्यांना आत जाऊन बघू दे, आणि मग सांग, ‘तुमचं घर असं दिसेल. नाही म्हटलंत तरी वह्या, रेशन, पोलीस ठाणं, काहीही बदलणार नाही.’ आणि उत्तर तिथल्या तिथं मागू नकोस, आठवडाभरानं विचार. हे सगळं मीटिंगच्या आधी झालेलं असू दे. नाहीतर सर म्हणतील, ‘बाई तयार आहेत ना?’ आणि चर्चा तिथेच संपेल.